घरी जा, बोंबील सुकव

साहेब, तुम्ही जाऊन कैक वर्षं झाली, पण माझा राग काही गेला नाही. तुमच्या तेराव्याला अख्खा प्लांट जेवायला आला होता. मी मुद्दाम आले नाही.

मुलाखतीत तुम्हीच विचारलं होतंत, प्रयोगशाळेतल्या फ्लास्कमध्ये थंड राहणारी रिअ‍ॅक्शन मोठ्या रिअ‍ॅक्टरमध्ये का तापते? मी म्हटलं, कपातला चहा लगेच निवतो, लग्नाच्या पातेल्यातला निवत नाही. "वा! डिग्री फुकट गेली नाही," म्हणालात. आणि मग पहिल्याच उन्हाळ्यात मी तारापूरच्या त्या प्लांटवर उभी आहे, तापमानाचा काटा चढतोय, रिअ‍ॅक्टर थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पाइपला हात लावते तर आत पाणी वाहतच नाहीये. मी आत पडणारं अ‍ॅसिड बंद केलं आणि सगळा माल खालच्या टाकीत सोडायला लावला. बॅच मातीत गेली. तुम्ही शिफ्टसमोर ओरडलात, "गणितं काय कोणीही करतं! इंजिनियरला बॅच सांभाळता यायला हवी. घाबरट कुठली! घरी जा, बोंबील सुकव!" कोळ्याच्या पोरीला हे बोलताना जीभ कशी झडली नाही हो तुमची? मी घरी चिंचणीला गेले आणि खरंच तो सबंध हंगाम बोंबील सुकवले. आईने विचारलं, "चुकलीस का गं बाय?" मी पुढचा बोंबील दोरीवर टाकला.

आता दुसऱ्या कारखान्यात मी प्लांट बघते. तलासरीची एक मुलगी, नुकती इंजिनियर झालेली. परवा तिनेही असाच काटा चढताना बघून माल सोडून दिला. शेठचा फोन आला, "बेन, असली इंजिनियर काय कामाची? काढा तिला." मी म्हटलं, "मग आधी मला काढा. ज्याला प्लांट थांबवता येत नाही तो इंजिनियर कसला?" शेठ बरंच कुरकुरले, पण ती राहिली. माझ्या केबिनच्या दाराशी उभी राहून विचारते, "मॅडम, मी बरोबर केलं ना?" मी हो म्हटलं. एका शब्दाचं काम होतं, साहेब. तेवढंही तुमच्याच्याने झालं नाही.

हे पत्र धाडायचं तरी कुठे? उद्या रद्दीत जाईल. पण रिअ‍ॅक्टर ओळखणारा तुमच्यासारखा माणूस मला पुन्हा भेटला नाही, हे कबूल करते. त्या दिवशी तो रिअ‍ॅक्टर खरंच उडाला असता, की मी उगाच घाबरले, हे तुम्हालाच ठाऊक होतं. ती मुलगी कामावर परत गेल्यावर मी केबिनचं दार लावलं आणि मोठ्याने तुम्हाला विचारलं, "साहेब, मी बरोबर केलं होतं ना?"