पायथनच्या गेटवरची यादी

सोम. ८ फेब्रु. ९९, सातारा
क्लासमध्ये मी शिकवते त्या पायथन प्रोग्रामिंगच्या बॅचच्या सगळ्या फाइली आज गेल्या. भाग्यश्रीने 'ओएस' मॉड्यूल, म्हणजे फाइली हाताळणारा तयार कोड, इंपोर्ट करून (प्रोग्राममध्ये मागवून) स्वतःची एक फाइल पुसायला घेतली, पुसल्या सातही जणांच्या. पोरगी रडकुंडीला आली. मेढ्याहून एसटीने येते, डबा तसाच परत नेला. शुक्रवारी फ्लॉपीवर प्रत काढून ठेवली होती म्हणून निभावलं. क्लासचे मालक, म्हणजे आमचे सर, म्हणाले, "शनिवारपर्यंत बंदोबस्त करा, नाहीतर ही बॅच बंद. मशिन टायपिंगला लावू." हसत म्हणाले, पण खरंच करतील.

मंगळ. ९
'ओएस'वर बंदी घातली. तासाभरात भाग्यश्रीनेच दाखवलं, 'पॉझिक्स' मागवलं तरी फाइल पुसता येते. त्यावरही बंदी. मग तिला 'शुटिल' सापडलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बंदीची यादी अकरा नावांची. कालची रडकी आज भलतीच खुशीत.

बुध. १०
सुभेदार शिंदे, बॅचमधले सगळ्यात वडील. फौजेतून निवृत्त, कोरेगावकडे घरचा ऊस. माझी यादी बघून म्हणाले, "मॅडम, गेटवर कोन नको त्याची यादी ठेवत न्हाईत. कोन आत येनार त्याची ठेवत्यात. बाकी समदी भायेर."
इतकं सोपं. घरी जाताना स्वतःशीच हसत होते.

गुरु. ११
इंपोर्ट अडवणारं फंक्शन नव्याने लिहिलं. आत फक्त गणिताचं 'मॅथ' आणि अक्षरांचं 'स्ट्रिंग'. पहिले अडकले सुभेदारच. त्यांचा प्रोग्राम: तिघा भावांपैकी आज कुणाच्या उसाला पाणी. आजची तारीख हवी, म्हणून 'टाइम' लागतं. पडद्यावर आलं, परवानगी नाही. वाटलं चिडणार.
"माझंच नाव न्हाई व्हय. बराबर हाय."
वहीचं पान फाडून रीतसर अर्ज दिला. कारण, मुदत, सही.
पण 'टाइम'ने प्रोग्राम तासभर झोपवून ठेवता येतो, टर्मिनल अडतं. त्यापेक्षा स्वतःच एक मॉड्यूल लिहिलं, नाव 'घड्याळ'. तारीख सांगतं, बाकी काही नाही.

शुक्र. १२
'घड्याळ' चाललं. उत्तर आलं, धाकट्याची पाळी. सुभेदार उठलेच, "फोन लावतो त्येला, इसरलं असंल."
दुपारी भाग्यश्री. "मॅडम, घड्याळाच्या आतून ओएस मिळतंय." मशिनला तारीख विचारायला मीच ते आत मागवलं होतं. तिने कशाला हात लावला नाही, नुसतं दाखवलं. दुरुस्त केलं, पण आता खात्री देता येत नाही. सरांना तसं स्पष्ट सांगितलं. म्हणाले, "मग उद्या बॅचमधल्यांनाच ते फोडू द्या. टिकलं तर बॅच राहील."

शनि. १३
फाइलींची प्रत आधीच काढली. दोनला सुरू, मुदत तीनपर्यंत. सातही जण हजर. सर मागे खुर्ची टाकून बसलेत, मी टेबलाशी हे लिहितेय.
अडीच. अजून शाबूत.
पावणेतीन. भाग्यश्रीने केस बांधले. सुभेदारांनी खुर्ची तिच्या शेजारी ओढली, चष्मा पुसला. हळूच म्हणाले, "आत सोडलेल्यालाच इचार की, तुज्यासंगं कोन कोन हाय."
ती टाइप करायला लागली.
उठून बघावंसं वाटतंय. बसून आहे.