दोर कोणी धरला होता

९ मे, शनिवार

निघालो. गाडीत पाच जण. पुढे तो आणि सूनबाई, मागे मी, मधे धाकटा नातू, पलीकडच्या खिडकीशी मोठी नात. डिकीत त्याचे दोन दोर, हेल्मेटं, पट्टे, आणि त्या सगळ्याखाली चेपलेली माझी बॅग. त्याचे दोर वर, माझी बॅग खाली. हे लिहून ठेवते.

सूनबाई म्हणाली होती, "आई, तुम्ही आलात तर मुलं नीट जेवतील." मुलं माझ्याशिवायही जेवतात. मी आले ती आठ दिवस मुलं त्याच्या एकट्याच्या ताब्यात जाऊ नयेत म्हणून. आणि त्याचं काम मला जवळून बघायचं होतं. तीन वर्षांपूर्वी माझा मुलगा कड्यावरून खाली उतरत होता तेव्हा त्याचा दोर या माणसाच्या हातात होता. दोर आखूड पडला. टोकाला गाठ नव्हती. टोक हातातून निघून गेलं आणि मागोमाग माझा मुलगा. चौकशीत हा म्हणाला, "गाठ मारायची राहिली." राहिली — दूध आणायचं राहतं तशी.

आणि चार महिन्यांपूर्वी नोंदणी कचेरीत जाऊन याने माझ्या सुनेशी लग्न केलं.

ती अजून माझी सूनच आहे. तो माझा कोण, याला भाषेत शब्द नाही. बरंच आहे.

१० मे, रविवार

धाकट्याला गाडी लागते. आज माझ्या उन्हाच्या टोपीत ओकला. "आजी, टोपी होती म्हणून बरं," म्हणाला. पाच वर्षांचा आहे, हिशेबाला पक्का.

वाटेत मुलांकडून सातचा पाढा म्हणून घेतला. तो पुढून मधेच म्हणाला, "सात सत्ते पन्नास." मुलं खदखदून हसली. मला त्याचा हा धंदा कळतो. चुकीचं बोलून लाडका व्हायचं.

दुपारी पेट्रोल भरताना धाकटा त्याला म्हणाला, "बाबा, मला पण खाली उतरायचंय." मग जीभ चावली आणि "काका" म्हणाला. सूनबाईने ऐकलं नाही असं दाखवलं. त्याने त्याला उचलून खाली घेतलं, माझ्याकडे पाहिलं नाही. मी पाहिलं. मान लाल झाली होती. आवडलं त्याला!

ठरवलं. ही सहल त्याला महाग पडली पाहिजे.

११ मे, सोमवार

पोचलो. ओळीने आठ खोल्या, पत्र्याचं छप्पर, समोर मैदान आणि मैदानापलीकडे खडक. मोठे नाहीत, तीन-चार मजले उंच. मुलांना शिकवायला बरे, असं तो म्हणतो. उन्हाळी शिबिराची आणखी सात मुलं उद्यापासून त्याच्याकडे. तो शिकवणार, आम्ही सुट्टी घालवणार, अशी ही सोय.

तो अंघोळीला गेला तेव्हा मी त्याचे दोन्ही दोर खाटेवर ओतले. सूतगिरणीच्या तपासणी खात्यात मी एकतीस वर्षं काढली. धागा ताणून तुटेपर्यंत बघणं हेच काम. बोटांना कळतं. इंच इंच दोर बोटांतून काढला. कुठे सैल वीण, कुठे घासलेला पापुद्रा, काहीतरी मिळेल म्हणून. एक जरी सापडलं असतं तरी सुनेसमोर टाकणार होते.

काही नाही. दोर नवे, कोरडे, स्वच्छ. दोन्ही टोकांना गाठी. घट्ट, आणि प्रत्येक गाठीनंतर हातभर शेपूट.

आता मारतो गाठी.

तो बाहेर आला, दोर पाहिले, मला पाहिलं. "काकू, काही सापडलं?"

"तुमचे दोर चांगले आहेत," मी म्हणाले. मुलाबरोबर कॉलेजात होता तेव्हापासून त्याला अरे-तुरे करत होते. तीन वर्षं अहो-जाहो करते. शिवी दिलेली चालेल त्याला, हे चालत नाही. म्हणूनच करते.

१२ मे, मंगळवार

आज सांगून टाकलं.

सकाळी नळापाशी मोठीची वेणी घालत होते. आठ वर्षांची आहे. बाबांचा पाय घसरला, एवढंच तिला माहीत होतं. थोडी कळती झाली की सांगू, असं सूनबाईने आणि त्याने मिळून ठरवलेलं. ती सारखी त्याचं कौतुक करत होती. काका म्हणतो माझी पकड चांगली आहे, काका म्हणतो मी मांजरासारखी चढते, काका हे आणि काका ते. मी विचारलं, "तुझ्या बाबांचा दोर कोणी धरला होता माहीत आहे का तुला?"

तिने मान वळवायचा प्रयत्न केला. वेणी माझ्या हातात होती.

"काकाने?"

"हो."

"मग सुटला कसा?"

"टोकाला गाठ मारायची असते. मारली नाही."

"कोणी?"

"त्याने."

मी रिबिनीची गाठ मारली. ती उठून गेली, दात न घासताच.

टोकाची गाठ दोघांनी बघायची असते. चढणाऱ्याने आणि धरणाऱ्यानेही. चौकशीच्या कागदात हे आहे, मी तो कागद पाठ केलेला आहे. ते तिला सांगितलं नाही. इथे लिहिते, कारण इथे खोटं लिहायचं नाही असं मी पहिल्या वहीपासून पाळलंय.

पश्चात्ताप नाही.

१३ मे, बुधवार

झालं मनासारखं. त्याहून जास्त.

शिबिराची सातही मुलं, दोन आया, एक बाप, सगळे खडकापाशी. त्याने मोठीचा पट्टा आवळला, दोर बांधून दिला, म्हणाला, "चल, मांजरबाई."

तिने दोराकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"तू नको धरू."

"का गं?"

"तू सोडतोस."

पोरांना काही कळलं नाही. एक जण हसलाही. आया एकमेकींकडे बघत राहिल्या. त्याच्या तोंडावरचं रक्त उतरलं. मी तीन वर्षं ते उतरलेलं बघायची वाट पाहत होते, आज सकाळी साडेनऊला बघितलं. कोणी सांगितलं, असं त्याने विचारलं नाही. वाकून तिच्या कमरेचा दोर सोडला, नीट गुंडाळला आणि दुसऱ्या मुलाला बोलावलं. पट्टा दोनदा उलटा लावला. त्या मुलाची आई म्हणाली, "आज राहू दे, दादा." तो बरं म्हणाला.

सूनबाई खोलीत आली. दार लावून घेतलं.

"आई, तुम्ही सांगितलंत."

"हो."

"आपलं ठरलं होतं."

"तुमचं ठरलं होतं. मला कोणी विचारलं नव्हतं."

"ती झोपेत ओरडत होती, ऐकलंत ना? काय मिळालं तुम्हाला?"

"जे त्याला मिळायला हवं होतं ते मिळालं."

ती रडली नाही. टॉवेलाच्या घड्या घालत बसली, घातलेल्याच पुन्हा मोडून. मग म्हणाली, "तो रोज उठल्यावर तेच बघतो, आई. तुम्ही नवीन काही दिलं नाहीत. दिलंत ते पोरीला."

बोलणं चांगलं आहे. तिला नेहमीच येतं. मी चहा घेतला, दोन कप.

१४ मे, गुरुवार

मोठी सकाळपासून खडकाच्या पायथ्याशी बसून. चढायचं तर आहे! बोटांनी दगड चाचपते, पाय ठेवून बघते, परत खाली. धाकटा तिला म्हणाला, "ताई, दोराशिवाय चढ. पडलीस तर मी आहे." तिने त्याला वाळू मारली.

अकरा वाजता माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "आजी, तू धर."

"मला येत नाही."

"शीक. तू सोडणार नाहीस."

बासष्ट वर्षांची आहे मी. गुडघे दुखतात. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणाले. कारण तो ऐकत होता.

दुपारी त्यानेच शिकवलं. दुसरं कोण शिकवणार? आम्ही दोघं, एक बुटका खडक, आणि दोर. कामाचं तेवढं बोलत होता. दोर वरच्या कडीतून फिरून खाली येतो, आपल्या कमरेच्या यंत्रातून जातो, तिथून उजव्या हातात. डावा हात नुसता सोबतीला. "उजवा हात खाली, मूठ बंद. तो हात कधी सुटायचा नाही, काकू. काही झालं तरी. नाक खाजलं तरी." चार वेळा सांगितलं. मी म्हणाले, "मला एकदा सांगितलेलं कळतं."

मग म्हणाला, "आता मला धरून बघा." चढला, पाच फुटांवर जाऊन मागे रेलला, पाय खडकाला टेकलेले, सगळा भार दोरावर. सत्तर किलो तरी असेल. माझ्या एका मुठीत. पाठ माझ्याकडे होती. वळून बघितलं नाही त्याने.

पाच फुटांवरून माणूस मरत नाही, हा हिशेब मी केला. किती फुटांवरून मरतो तेही मला माहीत आहे. दोन्ही हिशेब शांतपणे केले. मग हळूहळू त्याला खाली घेतलं, शिकवलं होतं तसं.

"छान," तो म्हणाला. शेरा द्यायला हा कोण?

एक अट घातली त्याने. नव्या माणसाच्या मागे एक जण दोराचं शेपूट धरून उभा राहतो, तसा तो उभा राहणार. मी म्हणाले, "तिला दिसलात तर ती वरच रडेल. आणि मला तुमची गरज नाही."

"तिला दिसणार नाही. तुम्ही दोन खडकांच्या मधल्या बोळात उभ्या राहाल, मी मागे आत." आणि म्हणाला, "हे मी तुम्हाला विचारत नाहीये, काकू."

तीन वर्षांत पहिल्यांदा मला उलट बोलला.

१५ मे, शुक्रवार

हात अजून दुखतोय. तरी लिहिते, आजच्या आज.

सकाळी गर्दी नव्हती. शिबिराची मुलं नाश्त्याला बसलेली. सूनबाई धाकट्याला घेऊन खोलीत, त्याचं पोट बिघडलं होतं. मोठीने स्वतः गाठ मारली, मला दाखवली. मी बघितली, तिनेही माझं यंत्र बघितलं, माझा पट्टा ओढून पाहिला. कोणी शिकवलं ते माहीत आहे. दोघांनी बघायचं असतं.

चढली. खरंच मांजरासारखी. मी दोर घेत गेले — ओढ, खाली, मूठ. ओढ, खाली, मूठ. तो माझ्या मागे अंधाऱ्या बोळात, त्याचा श्वास ऐकू येत होता. मला त्याचा राग येत होता. मी चांगलं करत होते आणि ते बघायला नेमका हा होता.

ती वरच्या कडीपर्यंत पोचली. कडीला हात लावला. मग शिकवलं होतं तशी मागे रेलली, सगळं अंग दोरावर टाकलं, मान वळवून खाली पाहिलं आणि एक हात उंच करून हलवला. "आजी! बघ!"

मी हात हलवला.

उजवा.

कसा वर गेला ते मला कळलं नाही. तिच्या बाबाला शाळेच्या फाटकातून हलवायचे तसाच. दोर कमरेच्या यंत्रातून सर्रकन निघाला. आवाज ऐकला मी. हातभर, फार तर दीड हात. मी परत पकडायला गेले तेव्हा दोर थांबलेला होता. मी थांबवला नव्हता. मागून थांबला होता.

"काकू," तो हळू म्हणाला. "उजवा हात खाली."

खाली घेतला. मूठ बंद केली. मूठ बंद आहे की नाही ते मला कळेना, म्हणून बघत राहिले. तिला खाली आणलं, फूट फूट करत. मागे त्याने एकदाही दोर ढिला सोडला नाही. ती जमिनीला टेकली आणि मला येऊन चिकटली. "मधे थोडा झोका आला, मजा आली," म्हणाली.

मागे वळले. तो दोर गुंडाळत होता. त्याच्या तळहाताची साल निघालेली, लाल. त्याने हात पाठीमागे घेतला.

मी मोठीचा पट्टा सोडला.

एकतीस वर्षं मी तुटलेले धागे मोजले. धागा तुटला की यंत्र चालवणाऱ्या बाईच्या नावापुढे खूण करायची. तिचं लक्ष कुठे होतं, असं कधी विचारलं नाही. तसा रकानाच नव्हता.

१६ मे, शनिवार

परतीच्या वाटेवर, जेवायला थांबलोय. सगळे आत आहेत. मी गाडीत लिहितेय.

सकाळी गाडीत मोठीने आईला सगळं पुन्हा सांगितलं. आजीने धरलं, आजीचा हात सुटला नाही. सूनबाईने त्याला विचारलं, "खरंच?" तो म्हणाला, "एकदाही नाही." स्टिअरिंगवर त्याच्या हाताला पट्टी होती. मोठी त्याच्या सीटच्या मागून म्हणाली, "मग तू आजीकडून शीक ना."

"हो," तो म्हणाला. "शिकतो."

मी खिडकीबाहेर बघत होते. घर अजून चारशे किलोमीटर आहे.