आईचा गार वाडगा

दा नांग, रविवार दुपार

प्रिय ब्रॉनविन,

मला आणि माझ्या लेकीला, टिलीला, घेऊनच परत यायचं, असं बजावून तू आईला अ‍ॅडलेडहून इकडे धाडलंस. तेव्हा तिची हकीकत तुलाच सांगायला हवी.

गेल्या रविवारी आम्ही नेहमीसारखे समुद्रावर भिजून थोआमावशींच्या दुकानात नूडल्स खायला गेलो. वाडगे समोर येताच मावशींनी माझ्या मांडीवरून टिलीला उचललं आणि कोंबड्या दाखवायला रस्त्यापलीकडे नेलं. आई चमचा टाकून मागे धावली. "अगं, पोर पळवली तुझी, आणि तू खात काय बसलीस?"

"खाली बस, आई. माझं जेवण झालं की आणतील त्या."

टिली परत येईपर्यंत ती दारातच उभी राहिली.

आज पुन्हा तिथेच गेलो. शेजारच्या टेबलावर एक तरुण बाई किरकिरं बाळ सांभाळत एका हाताने कसंबसं खात होती. आई उठली, तिचं बाळ कडेवर घेतलं आणि चालू लागली. त्या बाईने मान वर करूनही पाहिलं नाही.

"आई, तुझं गार होतंय!" मी ओरडले.

"होऊ दे. तिला जेवू दे आधी."

परत येऊन तिने गार नूडल्स चवीने संपवल्या. मग हळूच म्हणाली, "तुम्ही दोघी लहान होतात, तेव्हा मला असं कुणी जेवू दिलं नाही गं."

म्हणून या पत्रात परतीची तारीख लिहीत नाही. आम्ही परत कधी येणार, ते आता तिलाच विचार.

गरम गरम जेवलेली तुझी बहीण,
नेल