अकरा पानांचा फॉर्म

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सही केली! हायकोर्टाच्या वतीने. हायकोर्ट म्हणजे आमच्या सासूबाई. हे नाव या वहीबाहेर कधी गेलं नाही, नाहीतर मी आज हयात नसते.

बावीस वर्षांत या बाईंनी मला भाजीत मीठ किती घालायचं ते ठरवू दिलं नाही. आज मी त्यांच्या फुप्फुसांचं ठरवून मोकळी झाले!

न्यूमोनिया शनिवारी कळला. काल श्वास पुरेना, म्हणून व्हेंटिलेटर लावून गुंगीत ठेवलंय. सकाळी अतिदक्षता विभागाबाहेर एक सिस्टर आली, काखेत जाडजूड फाइल. (लगेच नाव ठेवलं – फाइलवाली. नावं ठेवण्यात माझा हात कोणी धरणार नाही.) म्हणाली, एका औषधाची चाचणी चालू आहे. नेहमीचे उपचार सगळ्यांना मिळतातच. त्यावर निम्म्या रुग्णांना हे नवं औषध, निम्म्यांना मिठाचं पाणी. कोणाला काय ते संगणक ठरवणार, डॉक्टरांनाही कळणार नाही.

"मिठाचं पाणी?" मी ओरडलेच. म्हणजे इथेही मीठच!

नवऱ्याला फोन लावला. जहाजावर इंजिनिअर, भर समुद्रात. "डॉक्टर म्हणतात ना? मग कर सही." आणि आवाज गेला. माझ्याशी लग्नही यांनी असंच ठरवलं होतं – आई म्हणते ना, मग हो.

मी मात्र वीस वर्षं कचेरीच्या खिडकीमागे बसून लोकांच्या अर्जांवर 'अपूर्ण' असा शिक्का मारते. अकरा पानांचा फॉर्म बघून मला तर माहेरी आल्यासारखं वाटलं. दोनदा वाचला. एकोणीस प्रश्न विचारले. फाइलवालीने एकोणीस वेळा न कंटाळता सांगितलं. फक्त पाचवं पान मी दोन्ही वेळा नुसतं उलटलं. वर ठळक अक्षरांत होतं – 'रुग्णाचा मृत्यू झाल्यास'.

शेवटी तिने एकच विचारलं. "त्या शुद्धीवर असत्या, तर काय म्हणाल्या असत्या?"

दिलं ठोकून! "हो म्हणाल्या असत्या. फार उदार आहेत हो."

उदार! शेजारणीला शिडी द्यायची तर परत कधी आणणार ते आधी लिहून घेतात.

बुधवार, ५ फेब्रुवारी

खरं काय ते इथे तरी लिहावं. त्या काय म्हणाल्या असत्या ते मला ठाऊक नाही. एका घरात बावीस वर्षं, आणि त्यांच्या मनातलं मला मिठापलीकडे काही माहीत नाही. हे परक्या बाईसमोर कबूल करायची लाज वाटली, म्हणून खोटं बोलले.

आज फाइलवाली म्हणाली, "शुद्धीवर आल्या की त्यांनाही विचारणार. नको म्हणाल्या तर नको." हे नवव्या पानावर होतं. मी वाचलंही होतं, फक्त डोक्यात शिरलं नव्हतं. म्हणजे उठल्या की माझी हजेरी घेणार. आणि नाही उठल्या, तर पाचवं पान.

हजेरी घेऊ देत. रोज घेऊ देत.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

चाचणीच्या सिरिंजकडे टक लावून बघितलं. पाणीच दिसतं. सिस्टर म्हणतात औषधही पाण्यासारखंच दिसतं. माझा जन्मभराचा शहाणपणा तिथेच संपला.

शनिवार, ८ फेब्रुवारी

बिघडलं. ताप चढला, ऑक्सिजन वाढवावा लागला. वाटलं, मीच केलं हे. धावत फाइलवालीला गाठलं – "सही मागे घेता येते?"

"कधीही येते. पण ताई, हे औषधाने झालं की आजाराने, ते आज कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून तर चाचणी."

तासभर बाकावर बसले. फॉर्म मांडीवर. खिडकीमागची मी किती रुबाबात सांगते लोकांना – नीट विचार करून भरा हो! विचार कसा करतात ते कोणी मला सांगा. सही मागे घेतली नाही. धैर्याने वगैरे नाही. पाय उठले नाहीत एवढंच.

रविवार, ९ फेब्रुवारी

फरक नाही. घरी भाजी केली. मीठ घालायला विसरले. टोकायला घरात कोणी नव्हतं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

ताप उतरला!! डॉक्टर उद्या बघू म्हणाले. आनंद करायची घाई करत नाही. (केला. जिन्यात. सफाईवाल्या मावशींनी पाहिलं.)

गुरुवार, १३ फेब्रुवारी

नळी काढली. घोगऱ्या आवाजात पहिलं वाक्य – "कपाटाच्या किल्ल्या कुठायत?"

माझ्या पर्समध्ये होत्या. रडत रडत दाखवल्या.

सोमवार, १७ फेब्रुवारी

आज सुनावणी झाली. फाइलवाली फॉर्म घेऊन आत गेली, मला बाहेर बसवलं. हायकोर्टाने चष्मा मागवला. दीड तास! मग मला बोलावणं आलं.

"मी उदार आहे असं कोण म्हणालं?"

"मी, आई."

"आणि मला न विचारता सही केलीस?"

"तुम्ही बेशुद्ध होतात."

"मग थांबायचं!"

आणि ठणकावून नाही म्हणाल्या. "चाचणीत माझी माहिती वापरायची नाही, बस्स." फाइलवालीने शांतपणे तसं लिहून घेतलं. मी बाहेर येऊन भिंतीला टेकून हसत सुटले, मग हुंदकेच यायला लागले. ही बाई नाही म्हणाली! म्हणजे ही तीच आहे, अख्खीच्या अख्खी परत आलीय.

फाइलवालीला सांगून टाकलं, उदार वगैरे मी खोटं बोलले. ती म्हणाली, "बहुतेक सगळे उदारच सांगतात, ताई."

बुधवार, ५ मार्च

घरी येऊन दहा दिवस झाले. भाजीत मीठ जास्त झालं म्हणाल्या. मग उशीखालून एक कागद काढून माझ्यापुढे टाकला. "बघ, नीट भरलाय का."

रुग्णालयातून मागून आणलेला फॉर्म. पुन्हा कधी शुद्ध हरपली, तर त्यांच्या वतीने कोणी ठरवायचं. सवयीने रकाने तपासले. सगळे भरलेले. मुलाचं नाव असायला हवं तिथे माझं नाव. कारण कोणी विचारलं नव्हतं, तरी समासात लिहिलंय – 'मुलगा न वाचता सही करा म्हणतो. ही वाचते. एकोणीस प्रश्न विचारते, असं सिस्टर म्हणाल्या.'

खोलीत जाऊन कपाटातून जुन्या फॉर्मची प्रत काढली. पाचवं पान वाचलं.