शेवग्याखालचा खड्डा

विचुंबे, मंगळवार संध्याकाळ

आज सलग तिसऱ्या पहाटे कोल्हा येऊन गेला. शेळी शनिवारी व्याली, करडू एवढंसं, म्हणून हे फासा घेऊन आले. मी म्हटलं, थांबा जरा. करडू खोपटाच्या दाराशी झोपतं आणि दाराची जाळी कोल्ह्याने हुंगलीसुद्धा नाही. उकरतो तो फक्त मागच्या शेवग्याखाली. तिथेच का? घुशी असतील?

सासूबाईंना विचारलं, तर त्यांनी मलाच विचारलं, "वार कुठं पुरलीस गो?"

शेवग्याखालीच! शाळेला उशीर होत होता, म्हणून शेळी व्याल्यावर पडलेली वार मी वीतभर उकरून पुरली आणि वर दोन दगड ठेवले.

"आमी कमरेएवढा खड्डा करायचो. तू तर त्याला ताट वाढलंस!"

लाज वाटली. पण खरं सांगू, नवलही वाटलं. एवढ्या नव्या इमारतींमधून तो नुसत्या वासावर आला? आता राहतो तरी कुठे?

वार खोल पुरावी म्हणून फावडं घेऊन गेले. दगड बाजूला, खड्डा रिकामा. म्हणजे आज पहाटे त्याला मिळाली. मग आता तो येणार नाही? की इथे खायला मिळतं एवढं शिकला?

करडू आज स्वयंपाकघरात बांधलंय. फासा मी लावू दिला नाही. चुलीतली राख चाळून दोन ठिकाणी पसरली, शेवग्याखाली आणि खोपटाच्या दाराशी. सकाळी पाऊल शेवग्याखाली उमटलं, तर तो अजून माझी चूकच हुंगतोय. दाराशी उमटलं, तर मात्र त्याला करडूच हवंय.