मावशींच्या आईने पसरलेला भात

पार्सिपनी, गुरुवार संध्याकाळ

घाबरले आहे. या डायरीतच लिहिते, बाहेर मी निर्भीड विनोदी लेखिका आहे.

माझी लेक इरा पंधराची. शनिवारी सरकारविरोधी मोर्चाला जाणार म्हणते. आमचं ग्रीन कार्ड अजून लटकलेलं, तिला पोलिसांनी पकडलं तर संपलंच. म्हणून तिला शेजारच्या रेहाना मावशींकडे पाठवलं, म्हातारं माणूस चार शहाणपणाच्या गोष्टी सांगेल. काय हे माझं डोकं. इराच्या वयाच्या असताना, एकाहत्तरच्या युद्धात, मावशी ढाक्यात भाताच्या डब्यातून काडतुसं न्यायच्या, सैनिकांच्या चौकीसमोरून. मला त्यांची फक्त माशाची आमटी माहीत.

इरा परतली आणि तिने बूट दाराकडे तोंड करून ठेवले. पळायला सोपं. मावशी अजून तसेच ठेवतात म्हणे.

मी तणतणत गेले. "मावशी, तुमच्या आईला हे माहीत होतं?"

"काडतुसांवर भात तीच पसरायची, बेटा. हात इतके थरथरायचे, अर्धा खाली सांडायचा."

घरी इराने विचारलं, "आई, शनिवारी विल यू ड्राइव्ह मी?"

तिच्या बुटांशेजारी माझे ठेवले, दाराकडे तोंड करून. नीट ठेवायला दोनदा वाकावं लागलं. हात स्थिर नव्हते.