टाळकऱ्यांऐवजी पाण्याची बाटली

महेश्वरी,

तू अंघोळीला गेलीस तेवढ्यात लिहिते. शंभूला घेऊन दुकानात चालले आहे, म्हणजे 'पोराला कोण बघणार' हे तुझं कारण संपलं. कॉलेजच्या सरांनी आज अकराला पुन्हा बोलावलंय तर जायचंच. पावणेदहाची परभणीची एसटी धर. डबा ओट्यावर आहे.

मागच्या खेपेला प्रोजेक्ट सांगताना अडकलीस आणि रडत घरी आलीस. तेव्हा मीच सासूपणानं म्हणाले, "राहू दे ती बिझनेसची बी.व्होक., आपलं दुकान काय डिग्रीवर चालतंय का?" चुकलंच माझं. प्रोजेक्ट आपल्याच दुकानावर केलास, हे माझ्या लेकानं, गुरुपादनं, मला परवा सांगितलं.

अगं, महाराज बी अडकतात. काल शिवकीर्तनात त्यांना पुढचं आठवेना, तर टाळकऱ्यांकडं हात केला. त्यांनी भजन धरलं, तेवढ्यात महाराजांना सुचलं. मंडपात कुणाला कळलं नाही. मी लय पुढं बसते म्हणून मला दिसलं.

तुझ्यामागं टाळकरी नाहीत, म्हणून पाण्याची बाटली भरून पिशवीत ठेवली आहे. अडकलीस की सावकाश दोन घोट पी आणि मागचं वाक्य पुन्हा धर. उठून येऊ नको.

समाप्तीचं कीर्तन बी आज अकरालाच आहे. मी जात नाही. संध्याकाळी घरात उभी राहून सगळा प्रोजेक्ट मला सांग. मी पुढंच बसते.

आत्या